उमेदवारभक्तिपरीक्षा : एक अल्पमती भाष्य

अमेरिकेच्या संविधानाच्या सहाव्या कलमाने, तसा काही हेतू नसताना, एका शास्त्राला जन्म दिला. १७८७ साली फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींनी तिथे लिहून ठेवले की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची परीक्षा घेतली जाणार नाही. पण दुसऱ्याची परीक्षा घेण्याची हौस कलमाने भागत नसते. सरकारने हात झटकल्यावर ख्रिस्ती मतदारांनी ती परीक्षा आपल्याकडे घेतली, आणि चर्चच्या पायऱ्यांवर, न्याहारीच्या टेबलावर, रेडिओवर ती आजतागायत अखंड चालू आहे. पाठ्यपुस्तक एकच, अभ्यासक्रम मुळीच नाही, परीक्षक काही कोटी, आणि गुण देण्याची तऱ्हा प्रत्येकाची निराळी.

प्रश्नही एकच असतो. मत मागायला आलेला गृहस्थ देवाचे नाव घेतो ते मनापासून की मतासाठी? मन तपासायची सोय नाही. तेव्हा जे दिसते आणि ऐकू येते त्यावरच निकाल लावायचा: उच्चार, हात, कपाळ, तबक. असल्या क्षुल्लक गोष्टींची शास्त्रशुद्ध मांडणी आमच्या पाहण्यात कुठे आली नाही, म्हणून हा प्रपंच. अवजारे घरचीच वापरू. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नवद्वीपच्या न्यायपंडितांना आयोवा राज्य ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण तर्काला व्हिसा लागत नाही.

आयोवाचे नाव आले ते उगीच नव्हे. मका आणि डुकरे यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या राज्यात रिपब्लिकन पक्षाची उमेदवारनिवड सर्वांत आधी, ऐन थंडीत सुरू होते. २०१६ साली तिथे आलेल्या रिपब्लिकन मतदारांपैकी सुमारे ६४ टक्क्यांनी आपण इव्हँजेलिकल आहोत असे सांगितले. बायबलचा शब्द अंतिम मानणारे आणि आपला ख्रिस्तात नवा जन्म झाला आहे असे सांगणारे प्रोटेस्टंट, अशी त्यांची ढोबळ ओळख. इतके परीक्षक एका जागी जमल्यावर बाहेर बर्फ पडत असला तरी उमेदवाराला आत घाम फुटतो.

शब्दप्रमाणापासून सुरुवात करू. १८ जानेवारी २०१६ रोजी डोनाल्ड ट्रम्प व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावी लिबर्टी विद्यापीठात भाषणाला उभे राहिले. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले, तिसऱ्या अध्यायातले सतरावे वचन त्यांना सांगायचे होते. समोरच्या टिपणात नुसता २ हा आकडा होता. चर्चमध्ये वाढलेले अमेरिकन पोरसुद्धा तो आकडा ‘सेकंड’ असा वाचते. ट्रम्प यांनी ‘टू’ वाचला आणि सभागृहात हशा पिकला. ज्या वचनावरून त्या विद्यापीठाने आपले ब्रीद घेतले आहे तेच हे वचन, त्यामुळे हसणाऱ्यांना शंकेला जागाच नव्हती.

येथे पूर्वपक्ष असा: ज्याने पुस्तक कधी हाताळले आहे तो ‘टू’ म्हणणार नाही; हे म्हणाले; अर्थात यांनी हाताळलेले नाही. उत्तरपक्षाची बाजू खुद्द ट्रम्प यांनीच मांडली. आकडा टोनी पर्किन्स या धार्मिक पुढाऱ्याने लिहून दिला होता, आणि आपली आई स्कॉटलंडची, तिकडे ‘टू’च म्हणतात. यातले दुसरे खरे आहे. ब्रिटनमधले पुष्कळ लोक तसेच म्हणतात. म्हणजे एका क्रमवाचकाच्या अभावातून श्रद्धेची उणीव सिद्ध करायला निघालेला तर्क अटलांटिक ओलांडताच बुडतो. (वसईच्या चर्चमध्ये वाचनाला उभे राहणाऱ्याला हा पेच पडत नाही. मराठीत ‘करिंथकरांस दुसरे पत्र’ असे अक्षरी लिहायची पद्धत आहे. मराठी राजकारणाचा एक वाद छपाईनेच वाचवला म्हणायचा.)

पण तिसराही एक पक्ष निघाला, आणि तो सर्वांत सूक्ष्म. त्याचे म्हणणे, चूक झाली हाच खरेपणाचा पुरावा. ढोंगी मनुष्य तालीम करून येतो. हा तर तसाच आला. हा युक्तिवाद विनोदासाठी रचलेला नाही. ट्रम्प निदान भाविकपणाचे सोंग तरी आणत नाहीत, हे त्या वर्षी त्यांच्या पुष्कळ मतदारांनी गुण म्हणून सांगितले. भाषणानंतर आठव्या दिवशी त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष जेरी फॉलवेल धाकटे यांनी त्यांना जाहीर पाठिंबा दिला. तोंडी परीक्षेत हशा, निकालात प्रथम श्रेणी.

याउलट डेमोक्रॅटिक पक्षाचे हॉवर्ड डीन. २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत पत्रकारांनी त्यांना नव्या करारातले आवडते पुस्तक विचारले. डीन म्हणाले, ईयोब. ईयोब जुन्या करारात आहे. तासाभराने ते स्वतःच परत आले आणि चूक दुरुस्त केली, पण तोवर ईयोबाचे भोग डीन यांच्या वाट्याला आले होते. आता ट्रम्प यांना जो नियम लावला तो यांनाही लावायला हवा: चूक झाली, म्हणजे तालीम नव्हती, म्हणजे ढोंग नव्हते. कोणी लावला नाही. कारण पुढे येईल.

डीन यांच्याबाबत आणखी एक बारीक नोंद शास्त्राला अत्यंत मोलाची वाटते. वर्माँटमधल्या बर्लिंग्टन शहरात शँप्लेन सरोवराच्या काठाने सायकलचा रस्ता व्हावा म्हणून ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खटपट करत होते. त्या रस्त्यावरून त्यांचे आणि त्यांच्या एपिस्कोपल चर्चचे बिनसले, आणि ते उठून दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये गेले. ल्यूथरचे चर्चशी बिनसले ते पापक्षमेच्या विक्रीवरून, आठव्या हेन्रीचे बायकोवरून. सायकलसाठी पंथांतर करणारा धर्मेतिहासात दुसरा कोणी असल्यास आम्हांला कळवावा. परीक्षकांनी याबद्दल डीन यांचे गुण कापले. आमचे मत नेमके उलट आहे. लोकांना दाखवण्यासाठी ज्याला पंथ बदलायचा असतो तो एखादा दृष्टान्त तरी सांगतो. सायकलचा रस्ता हे कारण इतके बिनफायद्याचे आहे की ते खरेच असले पाहिजे.

शब्दप्रमाणात जॉर्ज बुश धाकटे यांचा उल्लेख टाळता येत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये डे मॉइन शहरातल्या वादसभेत उमेदवारांना विचारले गेले की तुमचा जवळचा राजकीय तत्त्वज्ञ कोण. एकाने जॉन लॉकचे नाव घेतले. बुश म्हणाले, ख्रिस्त. कारण त्याने माझे अंतःकरण बदलले. ते जरा उलगडून सांगा म्हटल्यावर, ज्याला तो अनुभव नाही त्याला समजावणे कठीण, अशा अर्थाचे उत्तर आले. तत्त्वज्ञानाच्या प्रश्नाला हे उत्तर होते की नाही यावर विद्वान अजून भांडतात. आयोवात भांडण झाले नाही; बुश तिथे जिंकले. लॉकच्या वाट्याला काय आले ते सांगण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष. ३१ जानेवारी २०१६ हा आयोवातल्या मतदानाच्या आदला दिवस, आणि रविवार. ट्रम्प कौन्सिल ब्लफ्स इथल्या एका चर्चमध्ये उपासनेला बसले होते. प्रभुभोजनाच्या भाकरीचे तबक फिरत त्यांच्यापर्यंत आले. सोबतच्या बातमीदारांनी नोंदवले की त्यांनी खिशातून नोटा काढून त्यात ठेवल्या. चूक लक्षात आल्यावर हसले. तबक दानाचे की भाकरीचे हे न कळणे हा प्रत्यक्ष पुरावा म्हणावा, तर तो नेमका कशाचा? कठोर परीक्षक म्हणतात, हा मनुष्य नियमाने चर्चला जात नाही. मवाळ परीक्षक म्हणतात, तबक समोर येताच ज्याचा हात आपोआप खिशाकडे जातो तो निदान कंजूष नाही. दुसऱ्या दिवशी आयोवाने टेड क्रूझ यांना निवडले. ते धर्मोपदेशकाचे चिरंजीव, त्यामुळे तबकांच्या बाबतीत त्यांची गफलत होणे शक्यच नव्हते. पण तीन आठवड्यांच्या आत साउथ कॅरोलायनात, जिथे चर्चची आणि तबकांची संख्या काही कमी नाही, ट्रम्प जिंकले.

पुस्तक हातात कसे धरावे या विषयावर १ जून २०२० नंतर विपुल लेखन झाले. व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत चौकातून निदर्शकांना हुसकावल्यावर ट्रम्प सेंट जॉन्स चर्चपर्यंत चालत गेले, कन्येच्या हातपिशवीतून आलेले बायबल त्यांनी उंच धरले आणि छायाचित्रे निघाली. हे तुमचे बायबल का, असे विचारल्यावर ते म्हणाले, हे एक बायबल आहे. या उत्तरातला अचूकपणा कौतुकास्पद आहे; पण परीक्षकांचे लक्ष तिकडे नव्हते. त्यांच्यात वाद पेटला तो पुस्तक उलटे होते की सुलटे यावर. छायाचित्रे तपासता ते सुलटेच होते. तरीही उलटे होते असे मानणारे आजही भेटतात. त्या धर्मप्रांताच्या बिशपबाईंनी जो आक्षेप घेतला तो पुस्तक आणि चर्च यांचा असा वापर करण्यावर होता, धरण्याच्या कोनावर नव्हता. पण कोन मोजता येतो आणि वापर मोजता येत नाही, म्हणून चर्चा कोनाचीच झाली. या शास्त्राचा हा स्थायी दोष आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या तोंडावर, तेच ट्रम्प ५९.९९ डॉलर किमतीच्या बायबलची जाहिरात करू लागले. त्या आवृत्तीत शास्त्रवचनांसोबत अमेरिकेचे संविधानही बांधलेले आहे. म्हणजे उमेदवाराची धर्मपरीक्षा मना करणारे सहावे कलम परीक्षेच्या पाठ्यपुस्तकातच समाविष्ट झाले. बांधणीवाल्याने यावर विचार केला असेल असे वाटत नाही.

अनुमानाकडे येऊ. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे न्यायशास्त्राचे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण. अमेरिकेत धुराच्या जागी राख घ्यावी. राखेच्या बुधवारी कॅथलिक लोक कपाळावर राखेचा क्रूस घेतात. ५ मार्च २०२५ रोजी परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ तशा ठळक काळ्या क्रूसासह दूरचित्रवाणीवर मुलाखतीला बसले, आणि अनुमानवाल्यांची दिवाळी झाली. राख आहे, त्याअर्थी आग आहे. प्रतिपक्षाने लगेच दाखवून दिले की राखेवरून एवढेच सिद्ध होते की आग कधीतरी होती. आता विझलेली असण्याचाच संभव अधिक. त्यातून खरी अडचण वेगळीच. त्या दिवशी मिस्सेत जो उतारा वाचतात तो मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला. त्यात येशू सांगतो की लोकांना दिसावे म्हणून प्रार्थना करू नका, दार लावून करा. उपास असेल तर तोंड धुवा, म्हणजे कोणाला कळणार नाही. हा उतारा ऐकून मग कपाळावर राख घेऊन बाहेर पडायचे, अशी रीत चर्चनेच घालून दिलेली आहे, तेव्हा मंत्र्याला एकट्याला दोष देता येत नाही. पण मत्तयाचे ऐकावे तर परीक्षाच संपते. दार लावून प्रार्थना करणाऱ्याला गुण द्यायचे कसे, आणि दाराबाहेर कॅमेरे उभे असतील तर ते दार लागले असे म्हणायचे का?

राख दिसेल तेव्हा दिसेल, पण चर्चचा सभासदच नसलेला मनुष्य निवडणुकीला उभा राहिला तर? हा पेच १८४६ साली इलिनॉयमध्ये पडला. अब्राहम लिंकन यांच्यासमोर पीटर कार्टराइट हे मेथडिस्ट प्रवासी उपदेशक उभे होते, आणि लिंकन धर्माची टवाळी करतात अशी कुजबुज पसरली. लिंकननी पत्रक छापले. त्यात त्यांनी कबूल केले की आपण कोणत्याही चर्चचे सभासद नाही. पण शास्त्रवचनांची सत्यता आपण कधी नाकारली नाही आणि धर्माबद्दल जाणूनबुजून अनादराने बोललो नाही. श्रद्धेचा एकही दावा न करता लिहिलेले हे पत्रक वकिलाचे उत्कृष्ट काम आहे. लिंकन जिंकले, आणि शेवटपर्यंत कोणत्याच चर्चचे सभासद झाले नाहीत.

इथवर सगळे प्रमाणांनी ठीक चालले होते. मग जिमी कार्टर येतात आणि शास्त्राची घडी विस्कटते.

१९७६ साली जॉर्जियाचा हा भुईमुगाचा शेतकरी उभा राहिला आणि सहज म्हणाला की माझा नवा जन्म झाला आहे. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना ते काय असते हे शोधून वाचकांना समजावावे लागले. न्यूजवीकने ते वर्ष इव्हँजेलिकलांचे वर्ष म्हणून जाहीर केले. कोणतीही कसोटी लावा, कार्टर टिकत. वचने पाठ, तबके ओळखीची, रविवारच्या शाळेत शिकवण्याचा जुना परिपाठ. त्याच वर्षी त्यांनी प्लेबॉय मासिकाला मुलाखत दिली आणि सांगितले की आपण परस्त्रियांकडे वासनेने पाहिले आहे, मनात अनेकदा व्यभिचार केला आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायानुसार ही निर्दोष कबुली आहे. वासनेची नजर हाच व्यभिचार, हे येशूचेच म्हणणे. ज्यांना ते म्हणणे तोंडपाठ होते तेच परीक्षक सर्वांत जास्त भडकले. सिद्धान्त शुद्ध, मासिक अशुद्ध. तरी ते थोडक्यात निवडून आले.

चार वर्षांनी त्यांच्यासमोर रोनाल्ड रेगन होते: घटस्फोटित, हॉलिवूडचे, आणि पुढे अध्यक्ष झाल्यावर चर्चला क्वचितच जाणारे. गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी बहुसंख्यांनी रेगन यांना मते दिली. संडे स्कूलचा गुरुजी नापास झाला. असे का, याचे उत्तर ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला मिळते. हजारो पाळकांसमोर रेगन उभे राहिले. करमुक्त चर्चला उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही, असा १९५४ पासूनचा कायदा आहे. तेव्हा रेगन म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण मी तुम्हांला पाठिंबा देतो. टाळ्या थांबेनात. परीक्षेला बसलेल्याने परीक्षकांनाच प्रमाणपत्र दिले होते, आणि आपल्याला खरे तर तेच हवे होते हे परीक्षकांना त्या क्षणी कळले असावे. कार्टर त्यांच्यासारखेच होते. रेगन त्यांच्या बाजूचे होते.

यानंतर आमच्या शास्त्राचा मुख्य सिद्धान्त मांडता येतो: या परीक्षेत निकाल आधी लागतो आणि उत्तरपत्रिका मागाहून तपासल्या जातात. डीन यांच्या ईयोबाला एक नियम आणि ट्रम्प यांच्या ‘टू’ला दुसरा का, हे आता वेगळे सांगायला नको. आकडेच हवे असतील तर एका सर्वेक्षणसंस्थेने २०११ मध्ये विचारले होते की खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला लोकप्रतिनिधी सार्वजनिक कामात सचोटीने वागू शकतो का. गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के हो म्हणाले. हाच प्रश्न २०१६ च्या ऑक्टोबरात विचारला तेव्हा ७२ टक्के हो म्हणाले. पाच वर्षांत मत्तय बदललेला नव्हता. १९९८ साली अध्यक्ष क्लिंटन यांच्या विवाहबाह्य संबंधांचे प्रकरण गाजत असताना सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने लोकसेवकांच्या नैतिक चारित्र्यावर खास ठराव केला होता. इव्हँजेलिकल पुढारी जेम्स डॉब्सन यांनीही त्या वर्षी आपल्या अनुयायांना चारित्र्याचे महत्त्व लिहून कळवले. त्याच डॉब्सन यांनी जून २०१६ मध्ये ट्रम्प हे ‘शिशू ख्रिस्ती’ आहेत, नुकतेच ख्रिस्ताकडे आले आहेत, अशी ग्वाही दिली. शिशूने त्याच महिन्यात सत्तरी गाठली होती.

सगळेच गप्प बसले असे मात्र नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ख्रिश्चॅनिटी टुडे या मासिकाच्या संपादकाने ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे लिहिले. ते मासिक इव्हँजेलिकल धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांनी सुरू केलेले. त्यावर त्यांचे चिरंजीव फ्रँकलिन यांनी उत्तर दिले की वडिलांनी २०१६ मध्ये ट्रम्प यांनाच मत दिले होते. दिवंगताचे मत प्रमाण म्हणून सादर करणे नैयायिकांना मान्य आहे का हे तपासावे लागेल, पण घरोघरी जेवणाच्या टेबलावर त्या नाताळात जे भांडण झाले ते याच वळणाचे होते असे ऐकिवात आहे.

उपमान हे साधन राहिले होते. ज्यांना शिशू हा शब्द ओढूनताणून वाटला त्यांनी उपमेचा आधार घेतला. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात इराणच्या कोरेश राजाचा, म्हणजे सायरसचा, उल्लेख आहे. तो परधर्मी, यहोवाला न ओळखणारा, तरी देवाने त्याच्या हातून आपले काम करवून घेतले. ट्रम्प अमेरिकेचे पंचेचाळिसावे अध्यक्ष. अध्यायाचा आणि अध्यक्षाचा आकडा जुळला, तेव्हा पुढचे सिद्ध. या युक्तिवादाचे सौंदर्य असे की त्याने परीक्षा रद्दच होते. कोरेशाने कोणते वचन कसे उच्चारले हे यशया विचारत नाही. फक्त, अनेक अध्यक्षांचे आकडे अनेक अध्यायांशी जुळतात, आणि सेहेचाळिसाव्याच्या वेळी कोणी यशयाचा सेहेचाळिसावा अध्याय काढलेला आमच्या ऐकण्यात नाही. त्यात मूर्ती जनावरांवर लादून नेल्याची हकीकत आहे.

शेवटी एक प्रकरण असे, ज्यावर दोन्ही पक्षांकडे पुरावा आहे आणि निकाल नाही. ड्वाइट आयझेनहॉवर यांनी डिसेंबर १९५२ मध्ये, निवडून आल्यावर, सांगितले की आपल्या राज्यपद्धतीला खोल श्रद्धेच्या पायाशिवाय अर्थ नाही, मग ती श्रद्धा कोणती का असेना. १ फेब्रुवारी १९५३ रोजी, शपथविधीनंतर बाराव्या दिवशी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पदावर असताना बाप्तिस्मा घेतलेले ते एकमेव अध्यक्ष. त्याच दिवशी त्यांनी रोजनिशीत चिडून लिहिले की पाळकसाहेबांनी या गोष्टीची भरपूर जाहिरात चालवली आहे.

पहिला पक्ष म्हणतो, याहून मोठा पुरावा कोणता? प्रसिद्धीने जो वैतागतो तो मत्तयाचा खरा शिष्य. दुसरा पक्ष म्हणतो, अध्यक्षांची रोजनिशी कधीतरी छापली जातेच, आणि ही १९८१ मध्ये छापलीही गेली. पहिला पक्ष म्हणतो, तोवर त्यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तर निवडणूक जिंकून झालेली होती, मग सोंग कोणासाठी? दुसरा पक्ष एवढेच म्हणतो की १९५६ ची बाकी होती.